बेळगाव सीमाभागात दमदार डेस्कटॉप जुळवताना: कोणता भाग, किती आणि का

नवा डेस्कटॉप जुळवायचा ठरला की बहुतेक जण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर पैसे संपवतात आणि उरल्या रकमेत पीएसयू (मशीनला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, यूपीएस कसेबसे बसवतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात हा क्रम अंगलट येतो. वळवात कडाडणाऱ्या विजा, शेतीपंप सुरू झाले की पडणारा व्होल्टेज, घाटमाथ्याचा चार महिन्यांचा दमटपणा आणि गावागणिक वेगळी धूळ या सगळ्याशी मशीनला रोज सामना करायचा असतो. म्हणून एकूण रकमेतला पाचवा हिस्सा पीएसयू, यूपीएस, अर्थिंग आणि हवेशीर कॅबिनेटसाठी आधीच बाजूला काढावा. त्याला मग हात लावायचा नाही. राहिलेल्या पैशांत जेवढा वेग बसेल तेवढा घ्यावा.

पहिली पायरी: काम कोणते ते कागदावर लिहा

‘सगळ्यासाठी’ असे मशीन नसते. दुकानात जाण्याआधी कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती आणि एका वेळी किती मोठी फाईल उघडायची ते लिहून काढा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी सुटे भाग किंवा साच्याचे डिझाईन करायचे असेल तर सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर बहुतांश काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणन करणाऱ्या भागावर) करतात. तिथे १६ कोअर घेऊन उपयोग नाही, एका कोअरचा वेग जास्त हवा. रायझन ७ ९७००एक्स किंवा कोअर अल्ट्रा ५ २४५के या वर्गातला प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम यात काम उत्तम चालते. सिम्युलेशन करणार असाल तर गणित उलटे होते. तिथे रॅम आधी अपुरी पडते, म्हणून ६४ जीबी घ्या आणि कोअरही वाढवा.

लग्नाचे ४के व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी कॅमेऱ्याचा फॉरमॅट आधी बघावा. हल्लीचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारे) रेकॉर्डिंग देतात आणि ते टाइमलाइनवर अडखळू नये म्हणून हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याची सोय चिपमध्येच) लागते. इंटेल प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ते आहे, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतही आहे. आरटीएक्स ४० मालिकेत एचईव्हीसी (व्हिडिओ आवळण्याची एक पद्धत) ४:२:२ साठी ते नाही. म्हणून एडिटिंगसाठी नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर स्वस्त पडतो म्हणून उचलू नका, त्यात अंगचे ग्राफिक्स बंद असते.

फ्लेक्स आणि छपाईच्या कामाला महागडे ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. तिथे ३२ ते ६४ जीबी रॅम, वेगवान एसएसडी आणि रंग नीट दाखवणारा मॉनिटर यांवर पैसे घाला. गेमसाठी मात्र ग्राफिक्स कार्ड आधी, बाकी सगळे नंतर. घरी एआय मॉडेल चालवायची असतील तर कार्डाच्या वेगाआधी त्याची मेमरी (व्हीरॅम) बघा. मॉडेल व्हीरॅममध्ये मावले नाही तर वेग एकदम कोसळतो. त्यासाठी १६ जीबी ही आज किमान मर्यादा समजा.

दुसरी पायरी: प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्र निवडा

हे दोन्ही वेगवेगळे निवडता येत नाहीत, कारण सॉकेट जुळावे लागते. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला आणि त्यात रायझन ७०००, ८००० आणि ९००० या मालिका बसतात. इंटेलचा एलजीए १८५१ सॉकेट २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर आला, त्याआधीच्या १२ ते १४ व्या पिढ्या एलजीए १७०० वर बसतात. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर आमचा कौल एएम५ ला आहे. गेमसाठी रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी घ्यावा. त्यातली जादाची कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) गेममध्ये खरोखर कामी येते, पण छपाई आणि हिशेबाच्या कामात तिचा फारसा फरक पडत नाही.

सेकंडहँड बाजारात इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे आय७, आय९ बरेच दिसतात. यातल्या जास्त ताकदीच्या प्रोसेसरांना प्रमाणापेक्षा अधिक व्होल्टेज मिळून ते अस्थिर होत होते. इंटेलने २०२४ मध्ये बायोसद्वारे (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरद्वारे) त्यावर दुरुस्ती दिली, पण आधीच खराब झालेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही. घ्यायचाच असेल तर वॉरंटी शिल्लक असलेलाच घ्या, आणि बायोस अपडेट केल्याशिवाय वापरू नका.

पेटीवरचा वॅटचा आकडा पूर्ण खरा नसतो. आय९ १४९००के वर १२५ वॅट लिहिलेले असते, पण पूर्ण भारावर इंटेलची स्वतःची मर्यादा २५३ वॅट आहे. कूलर आणि पीएसयू या दुसऱ्या आकड्यावर निवडायचे.

मदरबोर्ड घेताना आरजीबी दिवे सोडून चार गोष्टी बघा. प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमवर (त्याला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचे हीटसिंक आहे का, एसएसडी बसवायचे एम.२ स्लॉट किती, मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटन आहे का आणि रॅमचे स्लॉट किती. फ्लॅशबॅक विशेष महत्त्वाचे. दुकानात बरेच दिवस पडून असलेल्या एएम५ च्या बी६५० बोर्डाला जुन्या बायोसवर ९००० मालिकेचा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि नवख्याला वाटते बोर्डच मेला. फ्लॅशबॅक असेल तर पेनड्राइव्हवरून प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो. ए६२० बोर्ड छोट्या प्रोसेसरला पुरतो. मोठ्या प्रोसेसरला बी६५० किंवा बी८५० घ्यावा. एक्स८७० चे जादा पैसे फार थोड्या लोकांच्या उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: रॅम आणि साठवण

एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा किट, ६००० वेगाचा आणि सीएल३० टायमिंगचा (प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचा आकडा), हा सर्वांत समतोल पर्याय आहे. चार पट्ट्या भरण्याचा मोह टाळा. चार पट्ट्या लावल्या तर रायझन ७००० आणि ९००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा थेट ३६०० वर येते. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन पट्ट्या घ्या. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि ते आठवड्यातही बदलतात, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नका.

पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ चे मेमरी ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणे) काही मिनिटे चालते आणि तोवर पडदा काळा असतो. घाबरून बटन दाबू नका. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) सुरू करा. ते केले नाही तर ६००० ची रॅम ४८०० किंवा ५६०० वरच चालत राहते, आणि असे वर्षानुवर्षे चालवणारे पुष्कळ आहेत.

एसएसडी जेन४ एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान), १ टीबी, टीएलसी प्रकारच्या चिपची घ्यावी. तिचा वेग सेकंदाला सुमारे ७,००० एमबीपर्यंत जातो, जुन्या साटा एसएसडीचा ५५० च्या आसपास असतो. क्यूएलसी प्रकार स्वस्त असतो, पण मोठी फाईल कॉपी करताना एसएसडीतली वेगवान राखीव जागा (कॅश) भरली की एकदम मंदावतो, म्हणून व्हिडिओवाल्यांनी तो टाळावा. जेन५ आज बहुतेकांना नको, तापते फार. एक सूचना मदरबोर्डच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असते: काही बोर्डांवर एक ठरावीक एम.२ स्लॉट वापरला की एखाददुसरे साटा पोर्ट बंद पडते.

चौथी पायरी: ग्राफिक्स कार्ड

मॉनिटर आधी ठरवा. १०८०पी मॉनिटरला एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय किंवा एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी पुरे. दोन्हींच्या ८ आणि १६ जीबी अशा आवृत्त्या मिळतात, १६ चीच घ्या. १४४०पी साठी आरटीएक्स ५०७० टीआय किंवा आरएक्स ९०७० एक्सटी. दोन्हींत १६ जीबी आहे आणि दोन्ही सुमारे ३०० वॅट घेतात. ब्लेंडर, रेंडरिंग आणि एआयची बरीच सॉफ्टवेअर कुडावर (एनव्हिडिया कार्डांच्या गणनप्रणालीवर) सर्वांत नीट चालतात, त्यामुळे तिथे एनव्हिडियाकडे वळलेले बरे. फक्त गेम खेळायचे असतील तर दोन्हींतले त्या दिवशी स्वस्त मिळेल ते घ्या.

कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघा आणि कॅबिनेटच्या मर्यादेशी ताडून पाहा, पुढचे पंखे किंवा लिक्विड कूलरचा रेडिएटर २५ ते ५५ मिमी जागा खातात. १६ पिनांचा नवा कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे. अर्धवट बसला तर संपर्काच्या जागी उष्णता साठून प्लास्टिक वितळते. घट्ट दाबा, मधे फट नाही ना ते टॉर्चने बघा आणि कनेक्टरपासून पहिले ३५ मिमी केबल वाकवू नका. कॅबिनेटची काच त्या केबलला दाबत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी अरुंद आहे, दुसरे बघा.

पाचवी पायरी: वीज, आणि इथे कंजुषी नको

पीएसयूचे गणित सोपे आहे. प्रोसेसरचा खरा कमाल आकडा, कार्डाचा आकडा आणि बाकी सगळ्यासाठी ८० ते १०० वॅट यांची बेरीज करून तिला सव्वा ते दीडने गुणा. ९८००एक्स३डी कमाल १६२ वॅट, आरटीएक्स ५०७० टीआय ३०० वॅट आणि बाकीचे ९० मिळून ५५२ होतात. म्हणजे ७५० वॅटचा पीएसयू योग्य. आरटीएक्स ५०८० असेल तर ८५०, ५०९० असेल तर किमान १,०००. ‘८० प्लस गोल्ड’ हे वीजबचतीचे लेबल आहे, त्यातून संरक्षण कसे आहे ते कळत नाही. नामांकित कंपनीचा, पाच ते दहा वर्षांच्या वॉरंटीचा, एटीएक्स ३.० किंवा ३.१ या मानकाचा घ्या. लेबलवर १००–२४० व्होल्ट असे लिहिलेले आहे ना, ते पाहा. २००–२४० वालाही मिळतो, पण उन्हाळ्यात पंपांच्या वेळी १७०–१८० व्होल्टवर येणाऱ्या गावात तो उपयोगाचा नाही.

यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो आणि वरच्या उदाहरणातल्या मशीनला गेम चालू असताना तो पेलत नाही: लाईट जाताच यूपीएसच ओव्हरलोड होऊन बंद पडतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. ते मशीन मॉनिटरसकट ५००–५५० वॅट ओढते, म्हणून १ केव्हीए, ६०० वॅटचा ही तळाची पातळी; १.५ केव्हीए मिळाला तर उत्तम. शक्यतो प्युअर साइन वेव्ह (मेन लाईनसारखी गुळगुळीत लहर देणारा). हल्लीच्या पीएसयूत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असते आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर काही पीएसयू अचानक बंद होतात.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असे पुष्कळांना वाटते. इन्व्हर्टर लाईट गेल्यावर काही मिलिसेकंदांनी भार उचलतो. चांगला पीएसयू आतल्या कपॅसिटरच्या जोरावर पूर्ण भारावर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, त्यापुढे मशीन रीस्टार्ट होते. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडचे बटन असेल तर ते लावून कामाच्या भारावर मेन स्विच पाडून बघा. मशीन टिकले तर इन्व्हर्टर चालेल. साध्या मोडवर मात्र खात्री नाही.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीएसयू खराब आहे असे समजून तो बदलत बसू नका. पीएसयूच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असेल तर कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज दिसतो. करंट अगदी कमी असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबी लावता-काढताना पोर्ट जळायला तेवढा पुरे. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज ते अर्थ २३० च्या जवळ हवा, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो किंवा जोड गंजलेला असतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसते, तेव्हा बोर्ड उघडून बघायला सांगा.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा स्पाइक गार्डवर भरवसा ठेवू नका. ढग गडगडू लागले की प्लग काढा आणि इंटरनेटची तांब्याची केबलही काढा. मदरबोर्डचे लॅन पोर्ट बहुधा त्याच वाटेने जाते. कायमच्या सोयीसाठी घराच्या मुख्य वीज बोर्डात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजची अचानक उसळी रोखणारे साधन) बसवून घेता येतो, पण तोही अर्थिंग नीट असेल तरच काम करतो.

सहावी पायरी: कूलर आणि कॅबिनेट

परदेशी परीक्षणांत कूलर २० ते २५ अंशांच्या खोलीत तपासतात. अथणी-रायबागकडे मे महिन्यात खोलीत ३८ असेल तर प्रत्येक भागाचे तापमान जवळपास तेवढ्याच फरकाने, तेरा ते अठरा अंशांनी चढते. परीक्षणातले ८० अंश तुमच्याकडे ९३ किंवा त्याहून जास्त होतात. म्हणून परीक्षणात जो ‘पुरेसा’ ठरला त्याच्या वरचा कूलर घ्या. ८ कोअरपर्यंत दोन टॉवरचा एअर कूलर उत्तम. उंची १५५ ते १६५ मिमी असते, कॅबिनेटमध्ये मावते का ते बघा. लिक्विड कूलर, ३६० मिमीचा, मोठ्या १६ किंवा २० कोअरच्या प्रोसेसरलाच घ्या. त्याचा पंप पाच-सहा वर्षांत थकतो, एअर कूलरचा पंखा मात्र कुठेही बदलून मिळतो.

कॅबिनेटचा पुढचा भाग जाळीचा हवा, काचेचा नको. पुढे आत ओढणारे दोन-तीन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक लावा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही. धूळ मात्र सगळीकडे सारखी नसते. साखर कारखान्यांच्या भोवती गाळप हंगामात काळी राख उडते, निपाणीत तंबाखूची बारीक पूड, तर उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनिंगची धातूयुक्त धूळ. शेवटची सर्वांत वाईट, कारण ती वीज वाहू शकते आणि दमट हवेत बोर्डवर शॉर्ट करते. कारखान्याच्या आवारातले मशीन शॉप फ्लोअरवर न ठेवता बंद केबिनमध्ये ठेवा. धुता येणारे फिल्टर गाळपात दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा.

जांबोटी, कणकुंबी, खानापूरच्या पश्चिम भागात पावसाळ्यात शत्रू धूळ नसून ओल असते. मशीन बंद ठेवून आठवडे घालवू नका, रोज तासभर चालवले की आतल्या उबेने ओल जाते. भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून वर ठेवा. पीसीआय स्लॉटची मागची रिकामी झाकणे लावलेलीच असू द्या, नाहीतर पाली आणि मुंग्या उबेला येतात.

सातवी पायरी: खरेदी आणि बिल

बेळगावात मिळणारे भाग बेळगावातच घ्या, विशेषतः पीएसयू आणि मॉनिटर, कारण बिघाड झाला तर नेणे-आणणे सोपे पडते. कोल्हापूर, हुबळी, पुण्याहून किंवा ऑनलाइन घेताना त्या ब्रँडचे सेवा केंद्र जवळ कुठे आहे ते आधी विचारा. बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर हवा, ‘असेंबल्ड पीसी, १ नग’ असे बिल वॉरंटीत चालत नाही. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरच्या पेट्या वॉरंटी संपेपर्यंत जपा.

व्यवसायासाठी घेत असाल तर सीमाभागात एक बाब हमखास चुकते. महाराष्ट्रातून घेतलेल्या मालावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला तर कर्नाटकात नोंदणी असलेल्याला त्याचे क्रेडिट मिळत नाही. बिलावर तुमचा कर्नाटकचा जीएसटी क्रमांक आणि १८ टक्के आयजीएसटी असायला हवा. पैसे देण्याआधी बिल तपासा, नंतर दुरुस्त करून घेणे जिकिरीचे होते.

आठवी पायरी: जुळवणी आणि चाचणी

एएम५ आणि इंटेल दोन्हींत पिना मदरबोर्डवर असतात आणि बोट लागले तरी वाकतात. सॉकेटला हात न लावता प्रोसेसर त्रिकोणाच्या खुणेप्रमाणे सरळ ठेवा. कूलरच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक काढा, एम.२ हीटसिंकखालचेही. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. मदरबोर्डच्या भोकांखालीच स्टँडऑफ (बोर्ड टेकतो ते छोटे खांब) आहेत, एखादा भलत्या जागी राहिला नाही, याची खात्री करा, नाहीतर बोर्ड मागून शॉर्ट होतो.

प्रोसेसरची ८ पिनांची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारख्या, पण जोडणी वेगळी. जबरदस्तीने घुसवू नका. जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या पीएसयूची मॉड्युलर केबल नव्याला लावायची नाही, पीएसयूकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक बदलते आणि पहिल्याच बटनाला एसएसडी जळते. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा. मदरबोर्डला लावून ‘गेम अडखळतो’ म्हणणारे फार भेटतात.

विंडोज टाकण्याआधी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा करा. एकही चूक दिसली तर एक्स्पो बंद करून पुन्हा तपासा. तरीही चूक आली तर पट्ट्या बदलून घ्या. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे सिनेबेंच दहा मिनिटे चालवून एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ अंश, ९८००एक्स३डी ची ९५. मर्यादेला टेकत असेल तर कूलरचे स्क्रू तिरप्या जोडीने पुन्हा घट्ट करा. ही चाचणी दुकानातच, दुकानदारासमोर झाली तर उत्तम.

मशीन कोल्हापूर किंवा हुबळीहून गाडीने आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या पेटीत घ्या. मोठ्या कार्डाचे वजन दीड-दोन किलो असते आणि खड्ड्यांतल्या हिसक्यांनी स्लॉट तडकतो. काचेची बाजू वर ठेवून मशीन सीटवर आडवे झोपवा, डिकीत उभे नको. घरी पोहोचल्यावर पावसाळी दिवस असेल तर तासभर थांबून मगच प्लग लावा.